रात्रपाळीवरून जोखावे असे वृद्धनिवास : एका निवासी सेवेचे परीक्षण

वृद्धनिवासांची परीक्षणे बहुधा इमारत, खोल्यांचा आकार, बाग आणि कर्मचाऱ्यांचे गोड बोलणे यांभोवती फिरतात. या गोष्टी कमी महत्त्वाच्या नाहीत, पण घरातील वृद्ध माणसाला कायमचे दुसऱ्यांच्या हाती सोपवताना कुटुंबाला खरी चिंता असते ती वेगळीच. आपण निघून आल्यानंतर, रात्री दोन वाजता, खोलीतील घंटी वाजली तर कोण येईल, किती वेळात येईल आणि येणाऱ्याला या माणसाविषयी काय ठाऊक असेल, हा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर कर्मचाऱ्यांच्या स्वभावावर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक ते संस्थेच्या कारभारावर, म्हणजे पैसा कुठे खर्च होतो, माणसे कशी नेमली व टिकवली जातात आणि चूक झाली तर ती कुठपर्यंत पोहोचते यांवर अवलंबून असते. माझी आत्या ज्या निवासात राहते त्याचे हे परीक्षण मी त्याच बाजूने लिहीत आहे. रुग्णालय प्रशासनात काम केलेले असल्यामुळे वेळापत्रके, नोंदवह्या आणि बिले वाचण्याची सवय मला आहे. काही उणिवांबाबत संस्थेशी अजून पत्रव्यवहार चालू आहे, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

निवास मध्यम आकाराचा आहे. साठेक निवासी असून त्यांतील काहीजण स्वतः हिंडू-फिरू शकतात, काही पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले आहेत आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा संस्थेचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय तिच्या कोणत्याही निर्णयाचा अर्थ लागत नाही. जगात कुठेही पाहिले तरी वृद्धनिवासाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, सहसा निम्म्याहून अधिक, वेतनावर जातो आणि उरलेल्यातला बराच भाग जागा, वीज, देखभाल अशा गोष्टींवर जातो, ज्या खाटा भरलेल्या असोत वा रिकाम्या, द्याव्याच लागतात. त्यामुळे चार-पाच खाटा काही महिने रिकाम्या राहिल्या तरी हिशेब डळमळू लागतो आणि व्यवस्थापनापुढे दोन सोपे मोह उभे राहतात. एक म्हणजे आपल्याला झेपणार नाही अशा आजाऱ्यालाही दाखल करून घेणे, आणि दुसरा म्हणजे पाळीतला एखादा माणूस कमी करणे. पहिल्या मोहात नव्या निवाशाचे हाल होतात, दुसऱ्यात सगळ्यांचेच. या निवासाने या दोन्ही बाबतींत घेतलेली भूमिका मला सर्वांत अधिक आवडली आणि हे परीक्षण लिहावेसे वाटले तेही तिच्यामुळेच.

दाखल करून घेण्यापूर्वी तेथील मुख्य परिचारिका स्वतः घरी येऊन आत्याला भेटल्या. चालणे, गिळणे, लघवीवरचे नियंत्रण, झोप, पूर्वीची पडझड, चालू औषधे यांची त्यांनी सविस्तर चौकशी केली आणि तिला किती मनुष्यबळ लागेल याचा अंदाज लेखी दिला. त्याच काळात आमच्या ओळखीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांना त्यांनी नम्रपणे नकार दिला, कारण त्यांना रात्रभर श्वसनयंत्राची गरज होती आणि रात्रपाळीला त्यासाठी प्रशिक्षित माणूस संस्थेकडे नव्हता. खाट रिकामी असताना नकार देणे ही पैशाच्या दृष्टीने महागडी गोष्ट आहे. परंतु ज्या संस्थेला आपली मर्यादा ठाऊक असते आणि ती उघडपणे सांगता येते, तिच्या होकारावर भरवसा ठेवता येतो.

मनुष्यबळाच्या बाबतीत संस्थेचे धोरण असे आहे की माणसे कमी पगारावर घेऊन पुन्हा पुन्हा बदलण्यापेक्षा ती टिकवावीत. हे ऐकायला साधे वाटते, पण या क्षेत्रात ते फार थोड्या ठिकाणी पाळले जाते. काळजी घेणाऱ्या मावशींचे आणि सहायकांचे काम अंगमेहनतीचे, मनावर ताण आणणारे आणि समाजात प्रतिष्ठा नसलेले आहे, त्यामुळे सोडून जाण्याचे प्रमाण सगळीकडेच मोठे असते. प्रत्येक जाणाऱ्यामागे नव्याची भरती, त्याचे प्रशिक्षण, मधल्या काळात एजन्सीकडून चढ्या दराने मागवलेला बदली माणूस आणि उरलेल्यांवर पडणारा जादा भार असा खर्च उभा राहतो, पण तो हिशेबाच्या वह्यांत एका ओळीत दिसत नसल्यामुळे पुष्कळ चालकांच्या तो लक्षातच येत नाही. आणि पैशांत मोजता येणार नाही असे नुकसान याहूनही मोठे आहे. कोणत्या आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो, कोणत्या आजी दुखत असले तरी बोलत नाहीत आणि फक्त चादर मुठीत धरतात, हे ज्ञान कोणत्याही फाइलमध्ये पुरेसे उतरत नाही. ते माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबरच निघून जाते.

या निवासात ठरावीक मावशींकडे ठरावीक निवासी सोपवलेले असतात आणि ही जोडी शक्यतो मोडली जात नाही. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लागते, म्हणजे घर सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईला आपले दिवस आधी ठरवता येतात. रात्रपाळीला वेगळा भत्ता आहे आणि प्रशिक्षणाचे तास कामाचे तास म्हणून धरले जातात. एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जबाबदारी देताना दोन्ही पाळ्यांची माणसे अर्धा तास एकत्र असतात आणि त्या अर्ध्या तासाचे वेतन दोघांनाही मिळते. हा शेवटचा मुद्दा लहान वाटेल, पण ज्या संस्था तो अर्धा तास वाचवतात तेथे निरोप जिन्यात, घाईत आणि अर्धवट दिले जातात.

हे हस्तांतरण मी जवळून पाहिले आहे. ते कार्यालयात बसून होत नाही. जाणारी आणि येणारी मावशी प्रत्येक खाटेपाशी जातात, निवाशाला नावाने हाक मारतात आणि त्याच्या देखतच बोलतात. आत्यापाशी येऊन जाणाऱ्या मावशींनी सांगितले की दुपारपासून आजींनी पाणी कमी घेतले आहे, टाचेवर किंचित लाली आहे, संध्याकाळची गोळी दिली आहे आणि मुलीचा फोन येणार आहे म्हणून त्या वाट पाहताहेत. येणाऱ्या मावशींनी पांघरूण बाजूला करून टाच स्वतः पाहिली, बोटाने हलके दाबून लाली जाते की राहते ते तपासले, पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी केली आणि मग वहीत सही केली. "आजी, फोन इकडेच आणून देते, उठायचं नाही हं घाईनं," असे सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. पण दाबल्यावर न जाणारी लाली ही अंथरुणावरच्या जखमेची पहिली पायरी असते आणि ती त्या क्षणी हेरली गेली नाही तर पुढे त्याच जागी आठवडेच्या आठवडे मलमपट्टी, रुग्णालयाच्या फेऱ्या आणि असह्य वेदना येतात.

अशा जखमांचा धोका मोजण्यासाठी 1987 मध्ये प्रसिद्ध झालेले ब्रेडन मोजमाप जगभर वापरले जाते. संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, पोषण आणि त्वचेवरील घर्षण अशा सहा बाबींना गुण देऊन 6 ते 23 यांमधली बेरीज काढली जाते. गुण जितके कमी तितका धोका अधिक, आणि साधारणपणे 18 किंवा त्याखालील निवाशाकडे विशेष लक्ष द्यावे असे मानतात. या निवासात ही बेरीज दाखल होताना एकदा काढून विसरली जात नाही. प्रकृतीत फरक पडला की ती पुन्हा काढली जाते आणि कूस बदलण्याचे वेळापत्रक त्या बेरजेनुसार बदलते. मला अधिक मोल वाटले ते नोंदींच्या खरेपणाचे. यापूर्वी पाहिलेल्या एका निवासात खाटेशी टांगलेल्या तक्त्यावर दर दोन तासांनी, अगदी घड्याळाच्या ठोक्याला, एकाच शाईने आणि एकाच वळणाच्या अक्षरात कूस बदलल्याच्या नोंदी होत्या. तो तक्ता पाळी संपताना एका बैठकीत भरलेला होता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. येथे मात्र नोंदींच्या वेळा कधी दहा मिनिटे पुढे तर कधी पंधरा मिनिटे मागे असतात, एखाद्या ठिकाणी "झोप लागली होती, आजींनी नको म्हटले" असे लिहिलेले असते आणि क्वचित एखादी नोंद राहून गेलेली असते. असा तक्ता मला विश्वासार्ह वाटतो. नोंद राहिली म्हणून कर्मचाऱ्याचा पगार कापला जाऊ लागला की नोंदी पूर्ण होतात आणि काम अपुरे राहते, हे येथील व्यवस्थापिकांनी ओळखले आहे.

त्या व्यवस्थापिका मूळच्या परिचारिका आहेत आणि दिवसातला बराच वेळ कार्यालयाबाहेर असतात. कोणी निवासी पडला तर त्याच दिवशी त्या पाळीतल्या सर्वांना एकत्र बसवून केव्हा, कुठे, पायात काय होते, दिवा चालू होता का, नवे औषध सुरू झाले होते का, याची चौकशी होते आणि कुटुंबाला निष्कर्ष लेखी कळवला जातो. आत्या एकदा स्नानगृहाच्या दाराशी घसरली तेव्हा आम्हाला फोन आला तो तासाभरात. पुढच्या आठवड्यात आलेल्या पत्रात रात्री स्वच्छतागृहात जाण्याची तिची नेहमीची वेळ आणि मावशींची फेरी यांत अंतर असल्याचे नमूद करून फेरी अलीकडे आणल्याचे कळवले होते. दोष कोणाचा हे त्या पत्रात नव्हते, आणि ते नसणेच योग्य होते. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होते असे दिसले की दुसऱ्या दिवसापासून चुका वर पोहोचायच्या थांबतात.

इंग्लंडमधील निरीक्षण यंत्रणा, केअर क्वालिटी कमिशन, वृद्धनिवासांना पाच प्रश्नांच्या कसोटीवर पाहते : सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेनुसार बदलणारी आहे का आणि तिचे नेतृत्व चांगले आहे का. नेतृत्वासाठी स्वतंत्र प्रश्न ठेवण्यामागे विचार आहे, कारण आधीचे चार गुण एखाद्या चांगल्या मावशीमुळे काही दिवस दिसू शकतात, पण ती रजेवर गेल्यावरही ते टिकले तर त्याचे श्रेय कारभाराचे असते. अमेरिकेत 2008 च्या अखेरीस सुरू झालेल्या वृद्धनिवासांच्या पंचतारांकित मूल्यांकनात कर्मचाऱ्यांची संख्या पूर्वी संस्थाच कळवीत असत. पुढे ती वेतनपटांशी जोडलेल्या नोंदींवरून घेतली जाऊ लागली, आणि 2022 पासून शनिवार-रविवारचे मनुष्यबळ व कर्मचारी सोडून जाण्याचे प्रमाणही जाहीर होऊ लागले. संस्थेने सांगितलेला आकडा आणि पगारपत्रकावरचा आकडा यांत फरक असू शकतो, आणि तो सुट्टीच्या दिवशी सर्वाधिक दिसतो, हे मान्य केल्याचेच ते द्योतक आहे. या निवासात मी रविवारी दुपारी आणि रात्री उशिरा न कळवता गेलो आहे. फलकावर लिहिलेली माणसे प्रत्यक्ष हजर होती.

निवाशांना स्वतःच्या दिवसावर किती अधिकार आहे, या बाबतीत संस्था चांगली असली तरी अर्ध्या वाटेवर आहे. अमेरिकेतील एका निवासात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी केलेला, 1976 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात सुपरिचित आहे. एका मजल्यावरील निवाशांना खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा हे स्वतः ठरवण्यास सांगून सांभाळायला एक रोप दिले गेले, तर दुसऱ्या मजल्यावर रोप देऊन त्याची निगा कर्मचारीच राखतील असे सांगितले गेले. थोड्याच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक आनंदी, सावध आणि क्रियाशील दिसू लागली. पुढे 2003 मध्ये अमेरिकेतील टुपेलो येथे दहा-बारा निवाशांच्या लहान घरांचा ग्रीन हाउस प्रयोग सुरू झाला आणि 2009 मध्ये नेदरलँड्समधील वेस्प येथे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी होगेवेक ही वसाहत उभी राहिली, जिथे सहा-सात जण एका घरात राहतात आणि बाहेर मोकळेपणाने फिरू शकतात. या सगळ्यांमागचा व्यवस्थापकीय विचार एकच आहे. कामाची विभागणी खात्यांनुसार करण्याऐवजी घरानुसार करावी, म्हणजे एकच कर्मचारी स्वयंपाक, कपडे आणि शुश्रूषा यांत थोडा थोडा वाटा उचलतो आणि निर्णय त्याच्याच हाती असतो.

येथे स्मृतिभ्रंश विभागात असा प्रयत्न दिसतो. तेथील आजी-आजोबांना उठवण्याची वेळ ठरलेली नाही, जो तो आपल्या वेळेने उठतो, आणि ज्यांना जमते त्यांना भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे करू दिली जातात. मुख्य विभागात मात्र अंघोळीची वेळ अजूनही कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरते. आयुष्यभर पहाटे अंघोळ करणाऱ्या माझ्या आत्याची पाळी सकाळी अकराला येते. मी विचारले तेव्हा पहाटे माणसे कमी असतात असे उत्तर मिळाले, आणि ते खरेही आहे. पण ज्या संस्थेने हस्तांतरणाच्या अर्ध्या तासासाठी पैसे काढले, तिला पहाटेच्या दोन तासांसाठी एखादी अर्धवेळ पाळी काढणे अशक्य नसावे.

नोंदींसाठी टॅबलेट आले आहेत. औषधांच्या नोंदीत त्यांचा उपयोग झाला असून चुकलेली मात्रा लगेच लक्षात येते. बाकी ठिकाणी मावशी आधी वहीत आणि मग पडद्यावर असे दोनदा लिहितात, ते लवकर थांबवावे.

माझा खरा आक्षेप करारपत्राला आणि बिलाला आहे. शुश्रूषेत दिसणारी काळजी येथे दिसत नाही. शुल्कवाढ दरवर्षी होईल एवढेच संस्थेच्या मूळ करारात आहे, ती कशाच्या आधारे आणि जास्तीत जास्त किती होईल याचा उल्लेख नाही. निवासी रुग्णालयात असताना किती शुल्क आकारले जाईल, मृत्यूनंतर खोली रिकामी करण्यास किती दिवस मिळतील आणि त्या दिवसांचे पैसे कसे धरले जातील, डिपॉझिट केव्हा परत मिळेल, या सर्व बाबी व्यवस्थापनाच्या निर्णयावर सोडल्या आहेत. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाला 2018 मध्ये वृद्धनिवासांसाठी ग्राहक कायद्याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढावी लागली, ती अशाच मुद्द्यांवर. शोकात असलेले कुटुंब त्या वेळी वाद घालण्याच्या स्थितीत नसते, म्हणूनच हे कलम दाखल होण्याच्या दिवशी स्पष्ट असले पाहिजे.

बिलात डायपर, हातमोजे आणि मलमपट्टीचे सामान "इतर साहित्य" अशा एका ओळीत येते. मी तपशील मागितला तेव्हा तो लगेच मिळाला आणि त्यात गैर काही आढळले नाही, परंतु तो मागावा लागू नये. या वस्तूंवरच व्यवस्थापनाची नियत कळते. फ्रान्समधील ऑर्पेआ या वृद्धनिवास चालवणाऱ्या मोठ्या कंपनीवर 2022 च्या सुरुवातीला झालेल्या आरोपांत डायपर आणि अन्न मोजून-मापून दिल्याचा आरोप सर्वांत अधिक गाजला आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे नियंत्रण फ्रान्सच्या सार्वजनिक वित्तसंस्थेच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेले. नफा वाढवण्याचा दबाव शेवटी कुठे उतरतो ते या प्रकरणात सगळ्यांना दिसले.

दुसरी चिंता विस्ताराची आहे. संस्था दुसरी इमारत घेत आहे आणि ती दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर घेण्याचा विचार असल्याचे कुटुंबांच्या सभेत सांगण्यात आले. भाड्याची जागा घेण्यात मुळात चूक नाही. पण ब्रिटनमधील सदर्न क्रॉस या कंपनीचा इतिहास येथे आठवला पाहिजे. सुमारे 750 निवास आणि सुमारे 31,000 निवासी असलेली ती या क्षेत्रातली देशातली सर्वांत मोठी कंपनी होती. तिच्या इमारतींची मालकी दुसऱ्यांकडे होती आणि भाडे दरवर्षी वाढत जाणारे होते. खाटा रिकाम्या पडू लागल्या, निवाशांसाठी सरकारकडून मिळणारे शुल्क गोठले, भाडे मात्र चढतच राहिले आणि 2011 मध्ये ती कोसळली. निवास इतर चालकांकडे सोपवावे लागले आणि हजारो कुटुंबे काही महिने अनिश्चिततेत राहिली. त्यानंतर इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर कायद्याने मोठ्या चालकांच्या आर्थिक स्थितीवर नजर ठेवण्याची जबाबदारी निरीक्षण यंत्रणेवर टाकली. आमची संस्था त्या आकाराच्या जवळपासही नाही, पण उत्पन्न खाटांच्या भरतीवर आणि खर्च चढत्या भाड्यावर, ही जुळणी लहान संस्थेलाही तितकीच धोक्याची आहे. शिवाय नव्या इमारतीसाठी अनुभवी माणसे जुन्या इमारतीतूनच जाणार, म्हणजे ज्या जोड्या इतक्या काळजीने जपल्या त्या मोडणार.

सभेत मी दोन प्रश्न विचारले. भाडेवाढ खाटांच्या भरतीशी जोडलेली असेल का, आणि नव्या इमारतीतील भरती पूर्ण होईपर्यंत जुन्या इमारतीतील रात्रपाळीचे मनुष्यबळ कमी होणार नाही असे लेखी मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाला व्यवस्थापिकांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि तसे पत्र आले. पहिल्याचे उत्तर विश्वस्तांकडून यायचे आहे.

तोपर्यंत माझे मत असे आहे की ज्यांना अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांसाठी जागा हवी आहे त्यांनी अशा निवासाचा अवश्य विचार करावा, कारण शुश्रूषेच्या बाबतीत याहून चांगले मी पाहिलेले नाही. जे अजून हिंडते-फिरते आहेत आणि ज्यांना आपल्या दिनक्रमावर स्वतःचा हक्क हवा आहे, त्यांनी महिनाभर राहून पाहावे आणि अंघोळीची वेळ आधी ठरवून घ्यावी. दोघांनीही सही करण्यापूर्वी शुल्कवाढीची कमाल मर्यादा, रुग्णालयातील दिवसांचे शुल्क आणि डिपॉझिट परतीची मुदत करारात हाताने लिहून घ्यावी आणि त्यावर व्यवस्थापिकांची सही घ्यावी. आमच्या करारात ही तीन कलमे मागितल्यानंतर घातली गेली, मागितली नसती तर ती आली नसती.